सेटर

ही गोष्ट सांगायची मी टाळत आलो. विषय निघाला की चहा सांगायचा, खिडकी लावायला उठायचं, नाहीतर "फार जुनं झालं ते" म्हणून समोरच्याला त्याच्या दाढेकडे परत न्यायचं, असं करत वर्षं काढली. दंतवैद्याला ही एक सोय असते. समोरच्याचं तोंड त्याला हवं तितका वेळ उघडं ठेवता येतं, आणि उघड्या तोंडानं कुणाला प्रश्न विचारता येत नाहीत.

पण आता दवाखाना मुलाकडे आहे आणि मी पिंपळे सौदागरला आमच्या सोसायटीच्या बाकावर असतो. तिथे सगळे निवृत्त, सगळ्यांची तोंडं मोकळी. मागच्या दिवाळीत आकुर्डीच्या कारखान्यात आयुष्य काढलेला एक जण म्हणाला, "राव, तुमच्याकडे बुधवारी तो तारेवाला यायचा ना? सेटर? त्यानं एका पोरीचे दात घालवले होते बघा."

मी म्हणालो, "हं."

एवढंच. तो पुढे फटाक्यांच्या आवाजाबद्दल बोलायला लागला. पण त्या "हं"नं मला रात्रंदिवस पोखरलं. मग मी मारुंजीला जाऊन सेटरना भेटून आलो. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. आता तो "हं" खोडायला माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहितो आहे.

सेटर हे त्यांचं नाव नव्हे. ते नाव आमच्या पेशंटांनी पाडलं. माझा दवाखाना आकुर्डीत, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, हार्डवेअरच्या दुकानाच्या वर. पहिली शिफ्ट सुटली की जिन्यावर चपला मावायच्या नाहीत. मी साधा बी.डी.एस. दाढ किडली तर भरायची, नस मेली तर रूट कॅनल, काहीच उरलं नाही तर उपटायची, आणि सगळं उपटून झालं की कवळी. सेटर हे सगळं शिकून वर आणखी तीन वर्षं एकच गोष्ट शिकले होते, दात जागचा हलवायचा कसा. आणि ती शिकल्यावर बाकीचं सगळं त्यांनी गंगार्पण केलं. वेडेवाकडे दात तारा लावून ओळीत आणायचे, पुढे आलेला जबडा मागे घ्यायचा, एवढंच त्यांचं काम. त्यांना स्वतःचा दवाखाना नव्हता. आठवड्याचे वार वाटलेले होते. सोमवार निगडी, मंगळवार चाकण, बुधवार आमच्याकडे.

लोकांना हा फरक कळेना. दोघंही दाताचेच डॉक्टर, मग एक रोज का आणि एक बुधवारीच का? पाटीवर मी मोठ्या हौसेनं "ऑर्थोडॉन्टिस्ट" असं लिहून घेतलं, तर गुडघेदुखीची एक म्हातारी जिना चढून आली. "ऑर्थो" म्हणजे हाडाचे डॉक्टर, एवढं तिला ठाऊक होतं. सेटरनी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, "आजी, फणस म्हणा बघू." आजी म्हणाल्या, "फणस." ते म्हणाले, "छान. जबड्याचा सांधा उत्तम आहे. गुडघ्याचं मात्र मला काही कळत नाही."

शेवटी फरक समजावला तो एका कामगारानं. त्याच्या पोराला तारा लागल्या होत्या. बाहेर जिन्यात वाट बघत बसलेल्या बाकीच्यांना तो सांगत होता, आणि मी आतून ऐकत होतो. "अरे सोपं आहे भावा. मशीन रोज चालवतो तो ऑपरेटर. आणि सेटर काय करतो? येतो, मशीनवर डायचा साचा बसवतो, एक पीस काढतो, बघतो, परत केसभर सरकवतो, परत एक पीस काढतो. त्याला घाई केली की माल रिजेक्ट. हे रोजचे डॉक्टर म्हणजे ऑपरेटर. बुधवारचे सर म्हणजे सेटर."

त्या दिवसापासून ते सेटर झाले आणि मी ऑपरेटर. त्यांनाही ते आवडलं. मला ते त्याच नावानं हाक मारू लागले. "काय ऑपरेटर, आज प्रॉडक्शन किती?" मला वरवर हसू यायचं. आत कुठेतरी ते टोचायचं. कारखान्याच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला दोघांमधलं अंतर चांगलं माहीत असतं.

सेटर कोकणातले, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. दिसायला पाहावं तर सगळंच वाकडं. चष्म्याची एक काडी वर, एक खाली. शर्टाची कॉलर एका बाजूला वळलेली. स्कूटरचं हँडल असं तिरकं की सरळ जायला त्यांना डावीकडे धरावं लागे. मी एकदा म्हणालो, "अहो, हे तरी सरळ करून घ्या." तर म्हणाले, "दात सोडून जगातलं काही सरळ करायची माझ्यावर जबाबदारी नाही रे बाबा."

हत्यारांसाठी पेटी घ्यायची सोडून त्यांनी चार पुडांचा जेवणाचा डबा केला होता. वरच्या पुडात पकडी, दुसऱ्यात तारा, तिसऱ्यात दातांवर चिकटवायच्या बारीक ब्रॅकेट, आणि सगळ्यात खाली पोळी-भाजी. आमच्या मावशी, म्हणजे दवाखान्याच्या खऱ्या मालकीण, जुन्या आकुर्डी गावातल्या. हत्यारं उकळायचं काम त्यांचं. एकदा त्यांनी घाईत खालचा पूड उकळायला लावला. दुपारी सेटरनी झाकण उघडलं तर भेंडीची भाजी निर्जंतुक झालेली.

"आवो, वरचा कुठला न् खालचा कुठला, आमाला कसं कळावं?" मावशी म्हणाल्या.

"वास घ्यायचा मावशी."

"वास घेतला. दोनीला बी लोखंडाचाच येतो. बायकोला सांगा, कढई बदल म्हनावं."

सेटर माणसांना समोरून ओळखत नसत. त्यांचं सगळं बघणं बाजूनं. कपाळ, नाक, ओठ, हनुवटी यांची एक रेघ त्यांच्या डोक्यात असायची आणि माणूस म्हणजे ती रेघ. पेशंट आला की ते खुर्चीच्या बाजूला स्टूल घेऊन बसायचे आणि पाच मिनिटं तोंडात बघायचेच नाहीत. मग सांगायचे, "फणस म्हण." फ म्हणताना खालचा ओठ वरच्या दाताला लागतो का, स म्हणताना जीभ दातांमधून बाहेर येते का, हे त्यात कळतं, असं त्यांनी मला एकदा समजावलं होतं. लहान पोरांना ते वेड लागलं होतं. जिन्यातूनच "फणस, फणस" ओरडत यायची.

आणि त्यांना दाढदुखीतलं खरोखर काही कळत नसे. चाकणच्या एका लग्नात नवरदेवाच्या मामाची दाढ ऐन अक्षतांच्या वेळी ठणकायला लागली. कुणीतरी सांगितलं, मांडवात दाताचे डॉक्टर आहेत. सेटरना पुढे केलं. त्यांनी मामांना बाजूनं बघितलं आणि म्हणाले, "तुमची हनुवटी जरा मागे आहे." मामा कळवळून म्हणाले, "साहेब, दाढ." सेटर म्हणाले, "ते माझं खातं नाही," आणि हॉलच्या फोनवरून मला बोलावून घेतलं. "डॉक्टर असून दाढ कळत नाही?" असं वरमाई कितीतरी दिवस सांगत होती.

मला ते गमतीनं म्हणत, "ऑपरेटर, तुझं नशीब मोठं. तुझ्याकडे माणूस रडत येतो आणि हसत जातो. माझ्याकडे हसत येतो आणि तोंड मिटून जातो. दोन वर्षं मिटलेलंच ठेवतो." ते खरं होतं. त्यांचे पेशंट दुखत नसताना यायचे, दुखणं घेऊन जायचे, आणि परत महिन्यानं यायचे.

त्यांनी मला शिकवलेली एक गोष्ट मात्र मी अजून जपून ठेवली आहे. तारा काढल्यावरही ते पोरांना झोपताना घालायला एक प्लेट देत. आया कुरकुरत, की आता तर दात सरळ झाले, मग हे कशाला? सेटर सांगत, "दाताला त्याचं मूळ गाव आठवतं. तुम्ही इथे किती वर्षं राहिलात?" "वीस झाली." "गणपती-दिवाळीला कुठे जाता?" "गावाला." "दातही जातो. त्याला इथे घर मिळेपर्यंत धरून ठेवावं लागतं." आयांना ते ताबडतोब पटायचं. आमच्याकडे बसलेल्या प्रत्येकाला एक गाव होतं. सेटर स्वतः गणपतीत दोन बुधवार बुडवायचे.

आणि एक सवय. काम झालं की खुर्ची सरळ करायचे, हात पुसायचे, दोन्ही हात मांडीवर ठेवायचे आणि विचारायचे, "आणखी काही?" हे आम्ही सगळेच डॉक्टर विचारतो, पण एक हात दाराच्या कडीवर ठेवून. सेटर विचारून खरंच थांबायचे. समोरचा गोंधळायचा, "नाही" म्हणायचा, तरी ते हलायचे नाहीत. मग हळूच काहीतरी बाहेर यायचं. वर्गातली पोरं चिडवतात. नवरा म्हणतो हसू नकोस. बाहेर माझे पेशंट खोळंबलेले असायचे आणि मला राग यायचा. खरं दुखणं त्या थांबण्यातच सापडायचं, हे दिसत होतं, तरी यायचा.

ती मुलगी आली ती वडिलांबरोबर. वडील लातूरकडचे, चाकणच्या एका कारखान्यात प्रेसवर. मुलगी बारावी होऊन औषधांच्या दुकानात कामाला होती. वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट. लग्न ठरलं होतं, तारीख चार महिन्यांवर.

"सोयरे काही म्हणाले नाहीत," वडील म्हणाले, "पण पोराची आई सारखी तिच्या तोंडाकडंच बघायली होती. ही फट तेवढी मिटवून द्या."

सेटर बाजूला बसले. "फणस म्हण." तिनं म्हटलं. मग त्यांनी तिलाच विचारलं, "तुला काय वाटतं या फटीबद्दल?"

ती वडिलांकडे बघत म्हणाली, "मला शिट्टी वाजवता येते त्यातून."

"वाजव."

तिनं वाजवली. अशी लांब आणि स्वच्छ शिट्टी, की खाली हार्डवेअरवाल्यानं मान वर केली. सेटर खूश झाले. वडील नाहीत.

मग सेटरनी नीट सांगितलं. दोन दातांच्या मधोमध ओठाचा एक दोर उतरलेला आहे, तो आधी सोडवावा लागेल. मग तारा. सव्वा-दीड वर्ष. आणि नंतर आतून एक बारीक तार कायमची, नाहीतर फट परत येणार. चार महिन्यांत होण्यासारखं नाही. "लग्नाला फटीसकट जाऊ द्या," ते म्हणाले. "फट म्हणजे काही पाप नव्हे."

वडील नाराज होऊन गेले. त्याच आठवड्यात कोकणातून निरोप आला की सेटरची आई अंथरुणाला खिळली आहे, आणि ते महिना-दीड महिना गावी गेले. तिथे फोन लागणं दुरापास्त.

वडील परत आले, बुधवार सोडून. मुलगीही होती. "डॉक्टरसाहेब, तुमी तरी काही करा. मी काय तिचं वाकडं नीट करा म्हणलो नाही. एवढी फट फक्त."

मी एका हॉटेलात दोन दिवसांचा एक कोर्स केला होता. तारांचा. जेवण चांगलं होतं. आणि मनात ते ऑपरेटर-सेटर होतंच. मी म्हणालो, "बघू."

"पण त्या सरांला विचारा," वडील म्हणाले. "ते हो म्हणले तरच लावा."

आणि मी म्हणालो, "बोललोय मी त्यांच्याशी फोनवर. त्यांनीच सांगितलं, तोवर रबर लावा म्हणून."

फोन झाला नव्हता.

मी दोन्ही दातांभोवती मिळून एक बारीक रबर चढवलं. ब्रॅकेट नाही, तार नाही, नुसतं रबर. माझ्या समजुतीत दात म्हणजे खुंटी, आणि खुंटीला बांधलेलं जागेवर राहतं. पण दात खुंटी नसतो, गाजर असतो. दिसतो तिथे रुंद आणि हिरडीत शिरताना निमुळता. गाजराला ताणलेलं रबर बांधून सोडून दिलं तर ते टोकाकडेच घसरत जाणार. हे सेटरच्या शिक्षणात पहिल्या महिन्यात सांगतात, असं मला नंतर कळलं. त्या तीन वर्षांत ते जे शिकले होते ते सगळं हिरडीच्या आतलं होतं. माझा धंदा दिसणाऱ्या दाताचा होता.

फट भराभर मिटली. पुढच्या खेपेला रबर दिसलं नाही. "जेवताना गिळलं असेल," मी म्हणालो. मुलगी म्हणाली, "हिरडी दुखते." मी म्हणालो, "दात सरकतायत, दुखणारच." वडिलांनी पेढे आणले. मी आरशात तिचं हसू तिला दाखवलं आणि मनात म्हटलं, यासाठी तीन वर्षं शिकायचं?

ती म्हणाली, "आता शिट्टी येत नाही."

"सासरी शिट्टी वाजवायची आहे का?" वडील म्हणाले, आणि आम्ही दोघे हसलो.

सेटर आईचं दहावं-बारावं करून परत आले. पहिल्याच बुधवारी विचारलं, "ती शिट्टीवाली आली नाही रे पुन्हा?" मी म्हणालो, "लग्नाच्या गडबडीत असतील." मावशी तेव्हा तिथेच पकडी पुसत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुसत राहिल्या.

लग्न झालं. काही महिने गेले. मग एका बुधवारी भरदुपारी वडील तिला घेऊन जिना चढून आले. ती पदर तोंडावर धरून बसली होती. पदर काढला तेव्हा मलाही बघवेना. पुढचे दोन्ही दात लांब होऊन खाली लोंबल्यासारखे दिसत होते. हिरडी सुजलेली. जिभेनं लोटले तरी हलत होते.

सेटर बाजूला बसले. "फणस म्हण."

तिला स म्हणता येईना.

त्यांनी एक्स-रे काढला आणि उजेडापुढे बराच वेळ धरला. मग हिरडी सुन्न केली, बारीक चिमटा आत घातला, आणि जिथे मुळांची टोकं येतात जवळजवळ तिथून ते रबर काढलं. गॉजवर ठेवलं. केवढंसं होतं. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. वडिलांनीच बोलायला सुरुवात केली.

"सर, तुमीच तर फोनवर म्हणला होता रबर लावा. ह्या साहेबांनी तर तुमचंच ऐकलं. काय झालं मग हे? लेकराचं तोंड बघा की. सासू म्हणायली, दाखवली ती पोरगी येगळी न् दिली येगळी."

सेटरनी मान वळवली आणि माझ्याकडे समोरून पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला समोरून पाहिल्याचं मला आठवत नाही.

मी बेसिनपाशी हात धूत होतो. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते तयारही होतं. नळ चालू होता. मला वाटलं, नळ बंद केला की बोलू.

सेटर म्हणाले, "ते आता राहू दे. पोरगी खुर्चीत बसली आहे. आधी हिचं बघतो."

"म्हणजे तुमीच सांगितलं," वडील म्हणाले.

सेटरनी दिवा तिच्या तोंडावर घेतला. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मावशी आल्या आणि त्यांनी माझ्या हाताखालचा नळ बंद केला. तरी मी बोललो नाही.

संध्याकाळी मी त्यांच्या मागोमाग खाली उतरलो. ते तिरक्या हँडलला डबा अडकवत होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "रबर कुणी लावलं हे दाताला कळत नसतं. त्याला फक्त ओढ कळते. आणि वर आपण दोघं भांडलो असतो तर त्या पोरीनं तोंड कुणापुढे उघडलं असतं?" मग किक मारायला पाय उचलून थांबले. "पण तिच्या बापाला सांगायचं ते तू सांग. तुझ्या वतीनं मी बोलणार नाही."

स्कूटर सुरू झाली. मी मान हलवली. पुढच्या बुधवारी सांगायचं, असं मी ठरवलं.

बातमीला बुधवारची वाट बघायची नसते. कंपनीच्या बसमध्ये ती चाकणहून निगडीपर्यंत एका फेरीत पोचली. कुणीतरी वाक्य केलं, "सेटरनंच सेटिंग बिघडवलं." ते इतकं चांगलं जमलं होतं की लोक नुसतं म्हणायच्या मजेसाठी म्हणू लागले. आमच्या जिन्यात पोरांनी ते म्हटलं आणि सेटरनी वर येता येता ऐकलं. आत येऊन पकडी काढत म्हणाले, "वाक्य झकास आहे." चाकणच्या दवाखान्यानं त्यांचा मंगळवार दुसऱ्याला दिला. मग निगडीचा सोमवार गेला. आमच्याकडेही तारांचे नवे पेशंट येईनासे झाले. माझे दाढवाले मात्र येतच होते. माझं कुणी नाव घेतलं नाही. मी तर फक्त ऐकलं होतं.

सेटर त्या मुलीसाठी येत राहिले. हलणारे दात शेजारच्या दातांना बांधले, कणाकणानं वर सरकवले, हिरडी भरू दिली. ती सासरहून एकटी यायची, नंतर नवऱ्याबरोबर. नवरा भला निघाला. एक दात वाचला. दुसरा वाचणार नाही असं दिसलं, तेव्हा सेटरनी नेहमीसारखी चिठ्ठी लिहिली, कारण ते स्वतः कधी दात काढत नसत. कुठला काढायचा ते त्यांनी सांगायचं आणि काढायचा मी, अशी आमची वाटणी. चिठ्ठी माझ्या टेबलावर आली. मी तिला इंजेक्शन दिलं आणि तो दात काढला. मुळाशी काही उरलंच नव्हतं, नुसता हातात आला. तिनं तोंडात कापूस धरून मला हात जोडले.

एका बुधवारी वडील जिन्यात भेटले. मी म्हणालो, "जरा बोलायचं होतं." ते म्हणाले, "साहेब, तुमचा काय दोष? तुमी सांगितल्यापरमाणं केलं." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात खाली ठेवायला सांगणं मला जमलं नाही.

मावशींनी मात्र एकदा सांगून टाकलं. "सायेब, त्ये रबर मी तुमाला डबीतनं काडून दिल्यालं. माज्या बी हाताला लागतंय त्ये." कामावर येत राहिल्या, पण त्या दिवसापासून मला चहा विचारायच्या बंद झाल्या. टेबलावर ठेवायच्या आणि जायच्या.

मुलीचं काम पूर्ण झालं त्या बुधवारी सेटरनी डब्याचे चारही पूड पुसून कोरडे केले. हात मांडीवर ठेवून माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले. "आणखी काही?" त्यांनी विचारलं आणि थांबले. बाहेर माझे पेशंट होते.

"नाही," मी म्हणालो.

त्यानंतर ते आले नाहीत.

आता मारुंजीचं. सेटर तिथे स्वतःच्या मुलीकडे राहत होते, नव्या उंच इमारतींपैकी एकीत. बसमध्ये मी वाक्य पाठ केलं होतं. "रबर मी लावलं, फोन मी केला नव्हता, आणि तुमचं नाव मी जाऊ दिलं." लिफ्टमध्येही म्हणून पाहिलं. दार उघडलं तेव्हा ते गॅलरीत खुर्चीवर होते. खूप वाळले होते. चष्म्याची काडी अजून वाकडी. माझ्याकडे बघत राहिले, ओळखेनात.

"जरा बाजूला बघा," म्हणाले.

मी खालच्या रस्त्याकडे तोंड केलं.

"अरे, ऑपरेटर," ते म्हणाले. "बस. फणस म्हण."

मी म्हणालो, "फणस."

मान तिरकी करून त्यांनी ऐकलं. "खालचे दात गर्दी करायला लागलेत तुझे. वयानं सगळेच पुढे सरकतात. असू दे."

मुलीनं चहा दिला. ते गावच्या घराबद्दल बोलले, मुंबईच्या भावाबद्दल बोलले. मग म्हणाले, "ती शिट्टीवाली येऊन गेली मागे. पोरगी केवढी झाली तिची. तिलाही तस्सीच फट. विचारायला आली होती, काय करू म्हणून."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? वाजव म्हटलं. काय वाजवते रे." ते हसले. हसताना त्यांचे सगळे दात दिसले, आणि एकही ओळीत नव्हता. इतक्या वर्षांत माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

मग त्यांनी कप बाजूला ठेवला. हात पुसले. दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"आणखी काही?"

आणि ते थांबले. त्यांना घाई नव्हती. खाली कुठे तरी सोसायटीचा पंप चालू होता. त्यांच्या मुलीनं कप उचलले, आत नेले, धुतले, तरी ते थांबलेलेच होते. वाक्य माझ्या तोंडात होतं, अगदी दातांच्या मागे.

"नाही," मी म्हणालो. "काही नाही. सहज आलो होतो."